सव्वातीन

चादरीवर अस्वलं तीन होती. एक मादी, आणि तिच्या मागोमाग उतारावरून येणारी दोन पिल्लं. त्यांच्या वर न वितळलेल्या बर्फाचे चार पट्टे, खाली ओढ्याची एक पांढरी रेघ, ओढ्याच्या अलीकडे कमरेएवढ्या झुडपांची दाटी, आणि अगदी डावीकडे, खालच्या कोपऱ्याजवळ, खडकाला टेकवून ठेवलेली एक लाल बॅग. चादरीसमोर माणसं सहा होती. सोफ्यावर चार, प्रोजेक्टरशेजारच्या खुर्चीवर पुरुषोत्तमकाका, आणि कार्पेटवर श्रीरंग.

तो नेहमी कार्पेटवर बसत नसे. ओहायोतल्या डब्लिनच्या या बेसमेंटमध्ये स्लाइड्स दाखवायच्या असल्या की प्रोजेक्टर चालवण्याचं काम त्याचं असायचं. काका म्हणत, "अरे, तू फोटोवरून नकाशे करणारा माणूस, तुझ्या हाताला वळण आहे." पण या खेपेला काकांनी नवा प्रोजेक्टर घेतला होता. त्याला लांब वायरीचं बटण होतं आणि ते बटण काका कुणाच्या हाती देणार नव्हते. मागे उभं राहण्याचं कारणच उरलं नाही म्हणून श्रीरंग पुढे येऊन बसला, चादरीच्या इतक्या जवळ की चादरीच्या घड्या त्याला दिसत होत्या. वर, जमिनीच्या पातळीवरच्या छोट्या खिडकीवर सुलभाकाकूंनी टॉवेल लावला होता. टॉवेलच्या कडेनं मार्चमधल्या दुपारचा, मळक्या बर्फावरून आलेला उजेड आत येत होता.

"आता बघा हं," नरेंद्र सोफ्यावरून म्हणाला. तो नागपूरचा, काकांच्याच कंपनीत होता आणि ही स्लाइड त्यानं दोनदा पाहिली होती. "संध्या, घड्याळ बघ. सव्वातीन झाले."

"किती छळता हो तिला!" त्याची बायको संध्या म्हणाली आणि हसली. काकू हसल्या. काकाही हसले आणि बटणावरचं बोट तसंच ठेवून म्हणाले, "आमच्या दीपाला चष्म्याशिवाय चारही दिसतात." दीपा सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसली होती. ती चादरीकडे बघतच नव्हती. प्रोजेक्टरमधून निघालेल्या उजेडात धूळ फिरत होती तिकडे बघत होती. आणि श्रीरंगला, सगळे हसत असताना, बॅगेच्या मागच्या झुडपात एक कान दिसला.

गोल, कडेला फिकट केस असलेला, थोडा अस्पष्ट कान. त्यानं नजर हलवली नाही. कानाच्या खाली, बॅगेनं अर्धवट झाकलेला, मातकट रंगाचा उंचवटा होता. आतापर्यंत त्यानं तो खडक म्हणून पाहिला होता. म्हणजे पाहिलाच नव्हता. उंचवट्याच्या वरच्या कडेचे केस उन्हानं चंदेरी दिसत होते. खडकाला केस नसतात, हे वाक्य त्याच्या मनात पूर्ण, व्याकरणासकट उमटलं.

"पुढची?" काकांनी विचारलं.

"थांबा," श्रीरंग म्हणाला. मग, आपण हे मोठ्यानं म्हणालो हे लक्षात येऊन, "काका, ही स्लाइड मला चार दिवस द्याल? लॅबमध्ये थोडं मोजायचंय."

काका खूष झाले. आपली स्लाइड युनिव्हर्सिटीत जाणार! "घेऊन जा की. बघ, फोरग्राउंड कसं आलंय. नुसता डोंगर काढला तर पोस्टकार्ड होतं. पुढे काहीतरी लाल पाहिजे." हे ते प्रत्येक वेळी सांगत. बॅग तिथे आपोआप राहिली नव्हती. गेल्या ऑगस्टमध्ये मोंटानातल्या त्या पायवाटेवर काकांनी ती दीपाच्या पाठीवरून उतरवून घेतली होती, झुडपांच्या कडेच्या खडकापर्यंत चालत नेऊन उभी करून ठेवली होती, परत येऊन कॅमेऱ्यातून पाहिलं होतं, पुन्हा जाऊन थोडी उजवीकडे सरकवली होती. बॅगेत काकूंची शाल होती, आणि दशम्या. वाटेच्या सुरुवातीला रेंजरनं बजावलं होतं की खायचे पदार्थ उघड्यावर ठेवू नका. काकू म्हणाल्या होत्या, "त्यांचं फूड म्हणजे मांसबिंस. दशम्यांना कोण विचारतंय!" आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं दीपाच हसली होती.

त्या दुपारी श्रीरंगच्या हातात दुर्बीण होती. पलीकडच्या उतारावर, ओढ्याच्या वर, मादी जमीन उकरत होती. पुढच्या पंजांनी माती ओढायची, थांबायचं, नाक खुपसायचं. खांद्यावरचं वशिंड ओढताना वर यायचं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. दुर्बिणीच्या गोलात ती इतकी शांत, इतकी कामात दिसत होती, की त्याला शेतात राबणाऱ्या बाईची आठवण झाली आणि लगेच ती तुलना त्यानं मनातून खोडली; मादी मुळं उकरत होती, एवढंच खरं होतं. त्यानं अस्वलं मोजली. तीन. पुन्हा मोजली. तीन होती हे उघड होतं, पुन्हा मोजायची गरज नव्हती, तरी तो मोजत राहिला, कारण मोजत असताना भीती जवळ येत नसे. हे त्याचं लहानपणापासूनचं होतं. साताऱ्याला त्यांच्या आळीत दरवेशी अस्वल घेऊन येई. भित्र्या मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते असं आळीतल्या बायका मानत, आणि श्रीरंग आळीत सगळ्यात भित्रा. आईनं त्याला उचलून बसवलं तेव्हा तो पाच वर्षांचा असेल. मांड्यांना लागलेली ती गरम, हलणारी पाठ, राठ केस, भिजलेल्या घोंगडीवर कुणी गूळ सांडावा तसा वास. रडू येत होतं पण समोर बायका उभ्या होत्या, म्हणून त्यानं मोजायला घेतलं. नाकातली वेसण एक. दोरी एक. कान दोन, त्यातला एक फाटलेला. दरवेशी एक, बायका सात. तो रडला नाही. आई म्हणाली, गेली बघा भीती. त्या दिवसापासून तो घाबरला की मोजायचा. पुढे इंजिनियरिंगला गेला, सर्व्हे हा विषय त्याला फार सोपा गेला, आणि तो पार ओहायोपर्यंत मोजत मोजत आला तरी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि त्या पायवाटेवर, दुर्बीण डोळ्यांना लावलेली असताना, त्याला तो वास आला होता. भिजलेली घोंगडी. अगदी थोडा, वाऱ्याच्या एका झुळकेपुरता. त्यानं ठरवलं, की समोर अस्वलं दिसतायत म्हणून जुना वास आठवला; मन असं करतं. वारा डावीकडून येत होता आणि अस्वलं समोर होती, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचं त्यानं काहीच केलं नाही.

काकांनी शटर दाबलं. त्याच वेळी दीपा हळू आवाजात म्हणाली, "सव्वातीन."

काकांनी मनगटावर पाहिलं. "पावणेतीन होतायत अजून."

"नो, बाबा. सव्वातीन. तिकडे. सव्वातीन."

"मला घड्याळ वाचता येतं, दीपा." काका कॅमेरा काकूंकडे देऊन बॅग आणायला निघाले, तशी दीपा त्यांच्या पुढे गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. बसच्या दारात कंडक्टर उभा राहतो तशी. "बॅग नको. मागे चला. पळू नका. फक्त मागे मागे चला." तिचा आवाज चढला नव्हता. ओरडायचं नाही हे तिला माहीत होतं, आणि इंग्रजीत न बोलण्याचं कारणही साधं होतं: घरात काही महत्त्वाचं असलं तर मराठीत सांगायचं, हा काकांचाच नियम. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की काका रागावले आणि मागेही सरले. सगळेच तसे, उलट्या पावलांनी, वळणापर्यंत आले. गाडीत बसल्यावर तिनं इंग्रजीत सांगितलं, की बॅगेच्या मागे आणखी एक अस्वल होतं. पूर्ण दिसलं नाही. पाठ आणि कान. अ क्वार्टर ऑफ अ बेअर. क्वार्टर म्हणजे सव्वा ना? सव्वापाच, सव्वासहा. मग तीन आणि क्वार्टर म्हणजे सव्वातीन.

काकू हसून हसून पुढे वाकल्या. "अगंबाई! सव्वातीन अस्वलं!"

"श्रीरंग," काकांनी आरशातून विचारलं होतं, "दुर्बीण तुझ्याकडे होती. तू किती पाहिलीस?"

"मी तीन मोजली," श्रीरंग म्हणाला होता.

ते खरं होतं. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी रेंजर तिकडे जाऊन आला, बॅग मिळाली नाही. कुणीतरी उचलली असणार, असं काकांनी ठरवलं. शाल गेली ती गेलीच. आणि सहा महिन्यांत ती गोष्ट डब्लिनमधल्या चार मराठी घरांत पोचली: दीपा घाबरली, नसलेलं अस्वल तिला दिसलं, तेही पाव.

स्लाइड्स संपल्यावर दीपा त्याला गाडीनं युनिव्हर्सिटीकडे सोडायला निघाली. स्लाइड त्याच्या शर्टाच्या खिशात, पुठ्ठ्याच्या चौकटीत, पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी. चहाच्या वेळीच दीपानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं. मोंटानात उन्हाळाभर अस्वलांच्या मागावर फिरणाऱ्या एका गटात तिला काम मिळत होतं. विष्ठा गोळा करायची, उकरलेल्या जागा नोंदवायच्या, रेडिओ लावलेल्या अस्वलांचा माग काढायचा. तिला हेच शिकायचं होतं, डॉक्टर व्हायचं नव्हतं. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि काका नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं, जी मुलगी झुडपाला घाबरते ती अस्वलांवर काय काम करणार! न विचारता जाणं तिला शक्य होतं. ती एकवीस वर्षांची होती. पण तसं तिला जायचं नव्हतं. "तू सांग ना बाबांना, श्रीरंगदादा. तुझं ऐकतात. यू आर द सायन्स गाय."

आता गाडीत तिनं वायपर एकदा उगीच फिरवून बंद केला. मग म्हणाली, "तुला दिसलं."

"कान."

"आणि हंप. बॅगच्या लेफ्टला."

श्रीरंगनं तिच्याकडे पाहिलं. "तुला केव्हा दिसलं?"

"ऑक्टोबर. स्लाइड्स धुवून आल्या ना, तेव्हा. तो छोटा व्ह्यूअर आहे आईचा, त्याच्यात."

"मग सांगितलं का नाहीस? सगळे तुला..."

"दादा, थिंक." लाल दिव्यापाशी गाडी थांबली. "मी दाखवते. बाबा बघतात. देन व्हॉट? देन आय वॉज राइट, आणि मी कुठेच जात नाही. आता निदान ते म्हणतात घाबरट. घाबरटशी मी भांडू शकते. पण खरं अस्वल? एवढं जवळ? आणि बॅग कोणी ठेवली तिथे?" दिवा हिरवा झाला. "ते आणायला चालले होते, दादा. बाबांना झोप नाही येणार."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ऑनेस्टली, तुला तिथे काहीच कळलं नाही?"

"वास आला होता."

"अँड?"

"वास मोजता येत नाही."

"यार, दादा," ती म्हणाली आणि हसली, पण ते हसू पुरतं झालं नाही. त्याच्या इमारतीपाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "मेजर नको करू. तू मेजर केलंस की तू सांगणार. तुला राहवत नाही."

लॅब तळमजल्यावर होती. त्याचं रोजचं काम विमानातून काढलेल्या फोटोंचं. उपकरणाच्या काचेवर फोटो ठेवायचा, सूक्ष्मदर्शकातल्या फुलीखाली एकेक बिंदू आणायचा आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत त्याची जागा वाचायची. त्यानं स्लाइड चौकटीतून काढली आणि काचेवर ठेवली. फुलीखाली डोंगर आला, मग झुडपं आली, मग लाल रंग. जवळून पाहिल्यावर चित्र राहत नाही, नुसते रंगाचे ठिपके होतात. कानही ठिपक्यांचा झाला आणि त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं विचित्रही वाटलं. साताऱ्याचं अस्वल, फाटलेल्या कानाचं, त्या वेळी काय बघत असेल, असा प्रश्न त्याला आजवर कधी पडला नव्हता. हे चौथं अस्वल काय बघत होतं ते सांगता येत नव्हतं, डोळे बॅगेमागे होते. कान मात्र पुढे वळलेला होता.

काकांनी त्या बॅगा सेलमध्ये दोन एकदम घेतल्या होत्या आणि दुसरी श्रीरंगला दिली होती. ती त्याच्या टेबलाखालीच होती. त्यानं तिच्यातली पुस्तकं काढली, वर्तमानपत्रं भरली, खुर्चीला टेकवून उभी केली आणि मोजली. बावन्न सेंटिमीटर. फिल्मवर तीन पूर्णांक तेरा शतांश मिलिमीटर. काकांच्या कॅमेऱ्याचं भिंग एकशेपस्तीस मिलिमीटरचं. भागाकार कागदावर दोन ओळींचा होता. तो त्यानं केला, पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या सायकलींच्या रांगेकडे बघत राहिला.

त्या आठवड्यात तो भाजी चिरताना, लायब्ररीच्या जिन्यात, नळाखाली हात धरलेला असताना एकाच गोष्टीशी येऊन थांबत होता. स्लाइड परत द्यायची, काही बोलायचं नाही, आणि काकांना सांगायचं की दीपा धीट आहे. पण कशावरून? काका केमिस्ट होते, ते विचारणार कशावरून. आणि दाखवली तर दीपा म्हणाली तसं होणार. दोन्ही रस्ते त्यानं शेवटपर्यंत चालून पाहिले. मधे कुठेतरी त्याच्या लक्षात आलं, की आपण भलताच प्रश्न सोडवतोय. काका काय ठरवतील हे मोजण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं. काकांचा नकार एका आकड्यावर उभा होता, तो आकडा तीन होता, आणि तो श्रीरंगनं दिला होता. आकडा चुकला होता. एवढंच त्याच्या हद्दीत येत होतं.

शुक्रवारी काकांचा फोन आला. "काय रे, माझ्या स्लाइडचं काय निघालं? शार्पनेस कसाय?"

"रविवारी घेऊन येतो, काका. टेप पण आणतो."

"टेप? कसली टेप? गाण्यांची?"

"मोजायची."

मग त्यानं दीपाला फोन केला. "मी रविवारी आणतोय," तो म्हणाला. पलीकडे तिनं खोलीतला रेडिओ बंद केला. "ओके," ती म्हणाली. "मीपण येते."

रविवारी सकाळी काकांनी स्लाइड काकूंच्या छोट्या व्ह्यूअरमध्ये घालून खिडकीकडे धरली. "काय बघू?"

"बॅगेच्या डावीकडे. वर."

काका बघत राहिले. काकू पोह्यांची कढई तशीच ठेवून मागे येऊन उभ्या राहिल्या. दीपा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. काकांनी व्ह्यूअर खाली घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. नंतर व्ह्यूअर काकूंच्या हातात दिला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बॅग बावीस मीटर चाळीस. अस्वल तिच्या लगेच मागे."

"फुटात सांग."

"साडेत्र्याहत्तर."

"म्हणजे पाऊणशेसुद्धा नाही."

"पाऊणशे म्हणजे एटी-फाइव्ह ना?" दीपानं पायरीवरून विचारलं.

"सेव्हंटी-फाइव्ह," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "शंभरातला पाव कमी. मिनिटं नाहीत ती." ते कोट अडकवायच्या खुंटीपाशी गेले, कोट काढला, घालायचं विसरून हातातच धरून उभे राहिले. "म्हणजे किती ते मला बघायचंय. बाहेर चल. तुझी ती बॅग आणलीस?"

मागच्या अंगणात गवत ओलं होतं आणि कुंपणाच्या सावलीत बर्फाचा एक काळपट ढीग उरला होता. काका पाटाएवढ्या सिमेंटच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून उभे राहिले. श्रीरंगनं टेपचं टोक त्यांच्या बुटापाशी धरायला दिलं आणि गवतातून मागे चालत गेला. बावीस मीटर चाळीस कुंपणाच्या अलीकडे, शेजाऱ्यांच्या मेपलच्या फांदीखाली आलं. तिथे त्यानं वर्तमानपत्रं भरलेली बॅग उभी केली. परत वळून पाहिलं तर काकांच्या कोटाची बटणं मोजता येत होती. त्यानं ती मोजली नाहीत.

काका बॅगेकडे बघत होते. त्यांचा उजवा पाय पायरीवरून अर्धा पुढे आला होता, बॅग आणायला निघाल्यासारखा, आणि तसाच राहिला होता.

"दशम्या होत्या त्यात," काकू दारातून म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

"दीपा," काका म्हणाले. "तू कुठे होतीस?"

दीपा पायरी उतरली. काकांच्या शेजारून पुढे गेली, चालत राहिली, थांबली. डावीकडे पाहिलं, मनात काहीतरी जुळवलं आणि आणखी एक पाऊल बॅगेच्या दिशेनं टाकलं. मग काकांकडे तोंड करून वळली. बॅग आता तिच्या पाठीमागे होती. तिनं हात पसरले नाहीत, जॅकेटच्या खिशात घातले.

"इथे," ती म्हणाली. "आणि तुम्ही चिडले होते."

"चिडला होतात," काकांनी दुरुस्त केलं. "केव्हा जायचंय म्हणालीस?"

"जूनमध्ये. आठ तारखेला."

"स्प्रे का काय असतं ते देतात का तुम्हाला?"

"देतात, बाबा. ट्रेनिंग पण देतात."

"हं," काका म्हणाले. "श्रीरंग, तिच्यापासूनचं मोज."

श्रीरंगनं टेपचं टोक दीपाच्या बुटाला लावलं, तिनं ते दुसऱ्या बुटानं दाबून धरलं, आणि तो पट्टी ताणत बॅगेपर्यंत गेला. वाकून वाचलं. पट्टी थोडी ढिली वाटली म्हणून ताणून पुन्हा वाचलं.

अठरा मीटर साठ सेंटिमीटर.